कैरीला सुटलेलं पाणी, आईचं सोडियम आणि माझा एक बावळट प्रश्न

खिडकीतला_कावळा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. विज्ञान दहावीत सुटलं ते सुटलंच, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

झालं असं की यावर्षी पहिल्यांदा लोणचं मी घातलं. म्हणजे आई दिवाणावर बसून सूचना देत होती आणि मी राबत होतो. तीन किलो कैरी, फोडी धुऊन पुसून पंख्याखाली वाळवल्या, इतक्या की हाताला ओल लागत नव्हती, मग मीठ-हळद लावून पातेल्यात झाकून ठेवल्या. सकाळी झाकण काढतो तर फोडी निम्म्या पाण्यात! मी घरच्यांवर ओरडलो की कुणी पाणी घातलं. आई हसायला लागली, म्हणाली अरे ते कैरीचंच आहे, फेकू नको.

आता दुसरी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी आईला अ‍ॅडमिट केलं होतं. आमच्याकडे अकोल्यात मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको, त्यामुळे सगळे तिला पाणी पी पाणी पी करत होते आणि ती बिचारी तांब्याच्या तांबे पाणी पीत होती. एका सकाळी मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारायला लागली, चालताना तोल जायला लागला. आम्हाला वाटलं पॅरालिसिस. रिपोर्ट आला तर सोडियम ११८. मग काय तर मिठाच्या पाण्याची बाटली, तीसुद्धा अगदी हळू हळू, आणि वर सांगितलं की पाणी कमी द्या!! ४४ डिग्रीत पाणी कमी प्या म्हणणारा डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. राउंडवर आले तेव्हा विचारलं तर "सोडियम डायल्यूट झालंय" एवढं बोलून पुढच्या बेडकडे.

तर प्रश्न असा: कैरीला मीठ लावलं तर पाणी बाहेर. आईला मीठ दिलं तर ती बरी. मीठ आणि पाण्याचं नेमकं काय गौडबंगाल आहे? आणि सलाईनऐवजी सरळ साधं शुद्ध पाणी का नाही चढवत?

---

रिकामटेकडा

पयला! लोणच्याचा फोटो नाही म्हणून धागा फाउल धरण्यात येत आहे.

आईंना आता कसं आहे?

---

चोचवलेली_काकडी

सलाईनचं माहीत नाही पण कैरीचं स्वयंपाकघरातलं सगळ्यांना माहीत असतं की हो. कोशिंबिरीत मीठ ऐनवेळी घालायचं नाहीतर वाटीत तळं होतं. उलट खमंग काकडी करायची तर चोचवून आधी मीठ लावायचं आणि पिळून घ्यायची म्हणजे दाण्याचं कूट भिजून गिचका होत नाही. आणि मलूल पडलेली कोथिंबीर साध्या पाण्यात ठेवली की तासाभरात ताठ. पण मिठाच्या पाण्यात ठेवून बघा, अजून लोळते. कारण मी कधी विचारलं नाही, सासूबाई म्हणायच्या मीठ पाणी ओढतं, आपण मान डोलवायची.

---

बेडूकउडी

कावळोबा, प्रश्न अजिबात बावळट नाही. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं याच प्रश्नाभोवती गेली. जरा लांबण लागेल.

एक वाक्य आधी सांगून टाकतो, बाकी सगळं त्याचाच विस्तार: जीवांना पाणी ढकलता येत नाही, ते मीठ ढकलतात आणि पाणी मागोमाग जातं. मीठ म्हणजे इथे सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड, साखर, युरिया, जे काही पाण्यात विरघळतं ते सगळं धरा. सोडियमला पेशीबाहेर काढणारा पंप आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर असतो आणि त्यावर शरीराची भरपूर ऊर्जा खर्च होते. पण खुद्द पाण्याच्या रेणूला धरून इकडून तिकडे टाकणारा तसला पंप निसर्गाने ठेवलेला नाही. हृदय रक्त ढकलतं हे खरं पण ते नळातून ढकलणं झालं, पेशीच्या आत किती आणि बाहेर किती हे हृदय ठरवत नाही.

पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं. मिसळीवर तर्री का तरंगते? तेलाला पाण्यात मिसळायचं नसतं म्हणून. पण आवरणातल्या रेणूंचं एक टोक पाणीप्रेमी आणि दुसरं पाण्याला भिणारं, त्यामुळे ते दोन थरांत पाठीला पाठ लावून उभे राहतात, भित्री टोकं मध्ये दडवून. झाली पिशवी तयार. म्हणजे पेशीचं आवरणसुद्धा पाण्यामुळेच उभं आहे, आजूबाजूला पाणी नसेल तर त्या रेणूंना असं रांगेत उभं राहायचं काही कारणच नाही. या आवरणातून पाणी जातं-येतं पण मीठ सहज जात नाही. मग बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं, आत जास्त असलं की बाहेरचं आत घुसतं. तुमच्या कैरीत एवढंच झालं. फोड पुसून कोरडी केली होती म्हणता, पण कैरीत वजनाने पाचातला चार भाग पाणीच असतं हो.

आता साधं पाणी का चढवत नाहीत. रक्तातली लाल पेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत घुसतं, ती फुगते आणि फुटते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून एक भक्कम भिंत असते म्हणून कोथिंबीर फुटत नाही, नुसती ताठ होते. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा जास्त असू शकतो, विचार करा, त्या कोवळ्या काडीत! आपल्या पेशीला ती भिंत नाही. म्हणून सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. तेवढ्यात लाल पेशी ना फुगते ना आक्रसते.

आईंच्या सोडियमवर डॉक्टर लोकांनी बोलावं, मी बोलत नाही.

---

रिकामटेकडा

म्हणजे भीमाशंकरला पायाला चिकटलेल्या जळवांवर आम्ही मीठ टाकायचो ते लोणचंच घालत होतो म्हणायचं.

हलके घ्या. पण तर्रीचं उदाहरण आवडलं, सर कोल्हापूरचे दिसतात.

---

डॉ_खडीसाखर

मी फिजिशियन आहे, पण इथलं वाचून कुणी औषध बंद-चालू करू नका, आधीच सांगते.

कावळा, आईंना बीपीची गोळी चालू होती का? त्यात "लघवीची गोळी" मिसळलेली होती का? वयस्कर बायकांमध्ये हे कॉम्बिनेशन आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. त्या गोळीमुळे लघवीवाटे सोडियम जातं, पाणी मात्र शरीर धरून ठेवतं, वरून घरचे प्रेमाने तांबे पाजतात. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असायला हवं. ते उतरलं म्हणजे बहुतेक वेळा मीठ संपलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं, आमटीत एक तांब्या पाणी जास्त पडल्यासारखं. मग सरांनी सांगितलं तसं बाहेर मीठ कमी म्हणून पाणी पेशीच्या आत शिरतं. हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर कुणाला कळत नाही. मेंदू मात्र कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागाच नाही. म्हणून मामाच्या नावाने हाक, तोल जाणं, जास्त झालं तर फिट.

"हळू हळू" का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तोच जास्त महत्त्वाचा. सोडियम दोन-तीन दिवसांत सावकाश उतरलं असेल तर मेंदूच्या पेशी हुशार असतात, त्या आपल्याकडची विरघळलेली द्रव्यं स्वतःहून बाहेर टाकतात म्हणजे फुगायला नको. आता अशा हलक्या झालेल्या पेशीभोवती आपण एकदम मीठ वाढवलं तर? कैरी! पाणी खसकन बाहेर येतं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, माणूस बोलायचा-गिळायचा बंद होऊ शकतो. म्हणून २४ तासांत सोडियमचा आकडा साधारण ८ ते १० ने, त्याहून जास्त वाढू देत नाहीत. नातेवाईक आम्हाला म्हणतात एवढं साधं मीठ कमी आहे तर चार दिवस कशाला ठेवता, बिल वाढवायला? तर ते चार दिवस यासाठी.

---

खिडकीतला_कावळा

डॉक्टर, तुमचे पाय कुठे आहेत! हो, बीपीच्या गोळीत लघवीची होती, ती बदलून दिलीय. आणि बिलाचं मी पण बोललो होतो, आता लाज वाटतेय. हे दोन मिनिटांत कुणी तिथे सांगितलं असतं तर एवढं डोकं फिरलं नसतं. आई आता ठणठणीत आहे, कालचं सोडियम १३५.

पण मग "दिवसाला आठ ग्लास पाणी प्या" चं काय करायचं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येतं.

---

सातासमुद्रापार

>> आठ ग्लास

याचं मूळ म्हणून अमेरिकेतली १९४५ ची एक सरकारी शिफारस नेहमी दाखवली जाते. अडीच लिटर पाणी हवं असं त्यात होतं आणि लगेच पुढच्या वाक्यात यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं असंही होतं. पुढचं वाक्य लोकांनी गाळलं आणि बाटल्या विकणाऱ्यांचं फावलं. वरणभात, ताक, आमटी खाणारा माणूस अर्धं पाणी जेवतोच.

मी बॉस्टनजवळ राहतो आणि हौसेने पळतो. इथल्या २००२ च्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं निघालं. आणि गंमत म्हणजे ज्यांचं वजन पळताना *वाढलं* त्यांना धोका सगळ्यात जास्त. २६ मैल पळून वजन वाढतं म्हणजे किती पाणी प्यायले असतील बघा. आमच्या पळणाऱ्या ग्रुपला तेव्हापासून एकच सांगणं, तहान लागली की प्या.

---

निरोगी_जीवन

सर्वांनी साधे पाणी बंद करून अल्कलाइन पाणी सुरू करा. रक्तातील आम्ल कमी होते, पेशींना खोलवर हायड्रेशन मिळते. आमच्याकडे मशीन आहे, मी स्वतः चार वर्षे घेतोय. व्यक्तिगत निरोप करा.

---

डॉ_खडीसाखर

पाणी पोटात गेलं की आधी जठरातलं आम्ल भेटतं, लिंबाच्या रसापेक्षा कडक. तिथेच अल्कलाइनचा निकाल लागतो. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राखायला फुप्फुसं आणि किडन्या चोवीस तास बसलेल्या आहेत, त्यांना मशीनची मदत नको आहे. तुमच्या मशीनचं पाणी प्यायलात तर फार तर लघवी थोडी अल्कलाइन होईल. पन्नास-साठ हजारांत लघवी बदलायची असेल तर जरूर घ्या.

---

रिकामटेकडा

😂😂 अ‍ॅडमिन, वरचा प्रतिसाद उडवू नका, आठवण म्हणून राहू द्या.

---

तासगावकर

जरा उशिरा आलो, द्राक्षाची कामं आणि त्यात लाईट नाही.

बेडूकउडी सर, तुमचं ते "मीठ हलतं पाणी मागून जातं" वाचलं आणि माझ्या बागेतली दोन कोडी एकदम सुटली. माल तयार झालाय, साखर भरलीय, आणि नेमका तेव्हा अवकाळी पाऊस आला की दुसऱ्या दिवशी मणी तडकतात. व्यापारी लगेच भाव पाडतो. मला वाटायचं थंडीने तडकतात. आता कळलं की मण्यात साखर, बाहेर पावसाचं गोडं पाणी, ते साल ओलांडून आत घुसतं आणि मणी टच्च होऊन फाटतो. बरोबर का?

आणि बेदाण्याचं नेमकं उलटं. द्राक्षावर निसर्गानेच मेणाचा थर दिलाय, त्यामुळे नुसतं उन्हात ठेवलं तर वाळायला महिना घेतं आणि काळं पडतं. म्हणून आम्ही डिपिंग ऑइलमध्ये बुडवतो, पोटॅशियम कार्बोनेट आणि ते इथाइल ओलिएट, मग शेडमध्ये जाळीवर टाकतो. मेणाला वाट पडते, पाणी निघून जातं, पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाला एक किलो पडतो. म्हणजे तीन किलो पाणीच आम्ही वर्षभर जपतो, खतपाणी घालतो आणि शेवटी हवेत सोडून देतो, काय धंदा आहे बघा.

अजून एक. सासुरवाडी माझी कृष्णाकाठची, उसाचा पट्टा. तिथं शेतात पाणी तुंबलेलं दिसतं आणि ऊस पिवळा पडून सुकत असतो. नवीन माणूस म्हणेल पाणी कमी पडलं. खरं तर वर्षानुवर्षं पाटाने पाणी देऊन देऊन जमीन क्षारपड झाली, वर पांढरं मीठ फुटतं. मेहुणा म्हणतो पाण्यात उभं राहून तहानेनं मेलेलं पीक म्हणजे आमचा ऊस.

---

बेडूकउडी

तासगावकर, मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा. हे वाक्य मला वर्गात सुचलं नाही इतक्या वर्षांत.

तडकण्याचं तुमचं बरोबर आहे, साल आणि देठ दोन्हीकडून पाणी चढतं. आणि उसाचं तर थेट कैरीचंच. मुळाच्या पेशीत जितकं मीठ त्यापेक्षा मातीतल्या पाण्यात जास्त झालं की मुळाला ते पाणी ओढता येत नाही. शिवाय पाणी तुंबल्यामुळे मुळांचा श्वासही कोंडतो, म्हणजे दुहेरी मार. इथे एक काळजी घ्या, नुसती क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन वेगळी. क्षारयुक्त असेल तर चर किंवा जमिनीखाली चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा आणि गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं. चोपणमध्ये सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो, तिथे आधी जिप्सम टाकून त्याला सोडवावं लागतं, नाहीतर धुवून उपयोग नाही. माती परीक्षण केल्याशिवाय जिप्समच्या गोण्या आणू नका. आणि निचऱ्याशिवाय जास्त पाणी सोडणं म्हणजे खालचं मीठ वर आणणं, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं.

---

शंकासुर

सगळे मम मम करताहेत तर मी माझं काम करतो.

सर, तुमचा नियम झाडाला लावून दाखवा. नारळाच्या झाडाला पन्नास-साठ फुटांवर पाणी कोण नेतं? कॅलिफोर्नियात रेडवूडचं झाड आहे, सुमारे ११५ मीटर उंच. मुळात एवढं मीठ भरलेलं असतं का की पाणी ११५ मीटर वर चढेल? मला नाही पटत. "जीव पाणी ढकलत नाहीत, मीठ ढकलतात" हे ऐकायला छान आहे पण झाडाला गैरलागू आहे असं माझं मत. चुकत असेन तर सांगा, पण "वाचा जरा" असं सांगू नका.

---

तासगावकर

शंकासुरांना अनुमोदन. आमची मोनोब्लॉक मोटर विहिरीच्या काठावर ठेवली तर पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढता ओढत नाही, मोटर खाली उतरवावी लागते. झाडाला कोणती मोटर बसवलीय?

---

बेडूकउडी

पकडलंत! माझं वाक्य तिथे अपुरं पडतं हे कबूल.

वरून ओढून पाणी दहा मीटरच्या वर चढत नाही, कारण खरं तर ओढत कुणीच नसतं, खालून हवेचा दाब ढकलत असतो आणि त्याची ताकद तेवढीच. तासगावकरांची मोटर म्हणूनच हरते. झाडाचं वेगळं आहे. खोडात केसासारख्या बारीक नळ्या असतात आणि त्यात मुळापासून पानापर्यंत पाण्याचा सलग धागा असतो. पाण्याचे रेणू एकमेकांचा हात घट्ट धरून असतात. पानातून एक रेणू वाफ होऊन उडाला की मागच्याला ओढ बसते, त्याच्या मागच्याला, असं करत मुळापर्यंत. म्हणजे झाडातलं पाणी ताणलेल्या दोरीसारखं असतं, पाण्याची दोरी! डिक्सन आणि जॉली या दोघांनी डब्लिनमध्ये १८९४ साली हे मांडलं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. आपले जगदीशचंद्र बोस यांचं मत वेगळं होतं, खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात असं ते १९२० च्या दशकात सांगत होते. ते टिकलं नाही. मोठ्या माणसाचंही चुकतं, आणि बोसांनी तसा प्रयोग करून बघायची हिंमत केली याचं मला अप्रूपच आहे.

म्हणजे झाडात काम करते कोरडी हवा आणि ऊन. झाड एक दमडी खर्च करत नाही. मुळाने घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त नुसतं उडून जातं.

पण शंकासुर, दार कोण उघडतं ते विचारा की! पानावर बारीक छिद्रं असतात, दोन्ही बाजूंना दोन पेशी पहारेकऱ्यासारख्या. त्या पेशींनी पोटॅशियम आत घेतलं की मागून पाणी शिरतं, त्या फुगून वाकतात, छिद्र उघडतं. पोटॅशियम सोडलं की मिटतं. लाजाळूचं पान मिटतं तेही असंच, देठाच्या बुंध्याशी गाठ असते, तिथल्या एका बाजूच्या पेशी पोटॅशियम आणि क्लोराईड टाकून देतात, पाणी मागोमाग बाहेर, त्या बाजूचा टायर पंक्चर. पुन्हा हवा भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तर ओढायला ऊन आणि किल्ली मिठाची, अशी दुरुस्ती मान्य आहे का?

---

शंकासुर

मान्य. किल्लीचं आवडलं. आज भांडण नाही.

---

मालवणी_तिखट

वा वा, धागा रंगलाय. सर, समुद्राच्या माशांचं काय मग? लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात त्यांची कैरी कशी होत नाही?

माझी आजी देवगडची. मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, आणली की आजी आधी वास घेऊन बघायची, अमोनियाचा भपकारा आला की कोळणीला शिव्या. मग हळद-मीठ, कोकमाचं आगळ लावून दोन-तीनदा धुवायची आणि मगच मोरीचं मटण. बाकी कुठल्या माशाला हा वास नाही, मोरीलाच का?

---

बेडूकउडी

याच धाग्यासाठी प्रश्न राखून ठेवला होतात की काय!

बांगडा, सुरमई, पापलेट यांच्या रक्तात समुद्राच्या साधारण एकतृतीयांश मीठ. म्हणजे पाणी सतत अंगातून निसटतंय. म्हणून ते समुद्र पितात आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतात, ऊर्जा खर्च करून. नदीतल्या माशाचं उलटं, त्याच्या अंगात पाणी घुसत राहतं म्हणून तो जवळजवळ पीत नाही आणि सारखा पातळ लघवी करतो.

मोरीने, म्हणजे शार्कच्या घराण्याने, तिसरीच युक्ती काढली. आपण लघवीतून टाकतो तो युरिया ती रक्तात आणि मांसात साठवून ठेवते. मीठ अधिक युरिया मिळून बेरीज समुद्राएवढी झाली की पाणी कशाला बाहेर जाईल! ना समुद्र प्यायची गरज ना आक्रसायची भीती. पण मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. आजी जो वास घेत होती तो या युक्तीचाच उरलेला भाग. आणि आगळ आंबट, अमोनियाला मारतं, त्यामुळे आजीचं रसायनशास्त्रही पक्कं.

जाता जाता, देवगडच्या खाडीत तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, असेल ना? पानं चाटून बघा. तिवर खारं पाणी घेते आणि मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, उन्हात कण चमकतात. शेजारचा कांदळ, हीसुद्धा खारफुटीच, मात्र बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. एकाच चिखलात दोन बिऱ्हाडं, दोन रीती.

---

मालवणी_तिखट

लहानपणी चाटलीत! खारट लागायची, आम्हाला वाटायचं भरतीचं पाणी लागलं असेल. वाचनखूण साठवली.

---

रिकामटेकडा

माझा गंभीर प्रश्न. दोन बिअर प्यायलं तर चार बिअरएवढी का होते?

---

डॉ_खडीसाखर

अखेर आलाच तो प्रश्न.

किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळते. १८०! आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं परत. तेही सरांच्याच नियमाने, किडनी सोडियम उचलते आणि पाणी मागून येतं. किडनीच्या आतल्या भागात तिने मुद्दाम रक्ताच्या चौपट खारट प्रदेश करून ठेवलाय, लघवीची नळी त्यातून जाते. मेंदूतून एक हार्मोन येतो, तो त्या नळीच्या भिंतीत पाण्याची दारं बसवतो, दारं बसली की पाणी खारट बाजूला निघून जातं आणि लघवी घट्ट होते. दारू तो हार्मोनच दाबते. दारं बसत नाहीत, सगळं पाणी सरळ बाहेर. सकाळचं डोकं दुखण्यात त्याचाही वाटा.

ती दारं अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर आग्रे यांना सापडली तो किस्सा मस्त आहे. ते शोधत होते रक्तगटाच्या आरएच प्रथिनाला, त्यात एक भलतंच प्रथिन सारखं मध्ये यायचं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बनवायची जनुकीय कृती बेडकाच्या अंड्यात घातली आणि अंडी साध्या पाण्यात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली, ही फुगून फटाफट फुटली. एका दारातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात, एकेरी रांगेत. २००३ चं रसायनाचं नोबेल.

आणि बंगालचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉलऱ्यात माणूस तासाला लिटरभर पाणी टाकतो, ते का? जंतू आतडं खात नाहीत. त्यांचं विष आतड्याच्या पेशीतला क्लोराईडचा नळ उघडा ठेवतं, बास. क्लोराईड निघालं, सोडियम मागे, पाणी त्याच्या मागे. हे विष असतं हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं, नोबेल काही मिळालं नाही. मग उपाय काय? नुसतं पाणी पाजलं तर राहत नाही. पण आतड्यात एक वेगळं दार आहे, तिथे साखरेचा हात धरून सोडियम आत येतो आणि हे दार कॉलरा बिघडवू शकत नाही. साखर आली की सोडियम आत, पाणी मागून. १९७१ ला बांगलादेशचे निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत होते, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पुड्या बांधून पिंपातून द्यायला सुरुवात केली, नातेवाईकच पाजायचे. मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ ला, ते गेल्यानंतर.

घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. "थोडी साखर जास्त, मुलाला आवडेल" करू नका. साखर जास्त झाली की आतड्यातच कैरी होते आणि जुलाब वाढतात. पुडी मिळत असेल तर पुडीच बरी.

---

चोचवलेली_काकडी

डॉक्टर, शाळेत हे असं शिकवलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

कावळेदादा, कैरीचं ते पाणी काय केलंत? फेकलं नाहीत ना? मी दोन दिवस उन्हात ठेवून लोणच्यातच परत घालते, खार छान मिळून येतो.

---

खिडकीतला_कावळा

नाही फेकलं, आई ओरडली असती. गाळून उकळून गार करून मसाल्यात कालवलं, फोडी तासभर उन्हात, वरून तेल. बरणी भरली. शेजारच्यांना सांगितलं तर म्हणाले पाण्याने बुरशी येईल. मी म्हणलं अहो त्या पाण्यात एवढं मीठ आहे की बुरशी तिथे उतरली तर तिचंच लोणचं होईल. आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानाच्या जोरावर शेजाऱ्यांना गप्प केलं, अर्थात वरून तेल चार बोटं ठेवलंय, उगाच विषाची परीक्षा नको.

डॉक्टर, शेवटचा प्रश्न, आईने मुद्दाम विचारायला सांगितलाय. सोडियम कमी होतं म्हणून अ‍ॅडमिट केलं आणि आता बीपी आहे म्हणून घरचे लोणचं खाऊ देत नाहीत. तिचं म्हणणं की मीठ कमी पडलं होतं ना, मग लोणचं औषध म्हणून चालायला हवं.

---

डॉ_खडीसाखर

आईंना सांगा, युक्तिवाद आवडला. पण मीठ कमी नव्हतं पडलं, पाणी जास्त झालं होतं, आणि बीपी अजून तिथेच आहे. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, माझ्याकडून जेवताना एक फोड. खार चाटायचा नाही.